तात्यांचं पानिपत, नातवाचा आग्रा : मे महिन्यातल्या एका सहलीचं प्रकरण

विटा, खानापूर, आटपाडी या भागातली माणसं गलाईच्या धंद्याने देशभर पांगलेली आहेत. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं हे काम दिल्लीत करोल बागेत चालतं, आणि आमचं घर त्यातलंच एक. शाळांना सुट्टी लागली की गावाकडून फोन सुरू होतात. पोरं दिल्ली बघायची म्हणतायत, यावं का? या म्हणायला आनंदच असतो. पण मे महिन्यातली दिल्ली आणि डिसेंबरातली दिल्ली ही दोन वेगळी शहरं आहेत, आणि महाराष्ट्रातल्या शाळांची मोठी सुट्टी नेमकी मेमध्येच येते. माझ्या चुलत्यांच्या कुटुंबाची सहल आम्ही सगळ्यांनी मिळून कशी आखली आणि ती प्रत्यक्षात कशी पार पडली, ते इथे सविस्तर मांडतो. तीन पिढ्या घेऊन उन्हाळ्यात राजधानी बघायला निघणाऱ्या कुणालाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

माणसं सहा. तात्या म्हणजे माझे चुलते, वय चौऱ्याहत्तर, रक्तदाबाची गोळी चालू, गुडघे कुरकुरणारे, पण मराठ्यांच्या इतिहासाचं वाचन दांडगं. काकू एकोणसत्तरच्या, चालायला तात्यांपेक्षा खमक्या. चुलतभाऊ, त्याला मी दादा म्हणतो, आणि वहिनी. वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. पुतणी तेरा वर्षांची, पुतण्या नऊचा. मुक्कामाला आमच्याच गल्लीतल्या लॉजमध्ये दोन खोल्या, जेवण आमच्या घरी, हे ठरलेलं होतं. प्रश्न होता तो काय बघायचं आणि कधी बघायचं याचा.

दादाने पाठवलेली पहिली यादी पाहून मी धास्तावलो. लाल किल्ला, कुतुबमिनार, लोटस टेम्पल, अक्षरधाम, इंडिया गेट, राजघाट, राष्ट्रपती भवन, जंतरमंतर, ताजमहाल, फत्तेपूर सिक्री, मथुरा, वृंदावन, पानिपत, कुरुक्षेत्र, शिवाय जमलं तर हरिद्वार. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून केलेल्या याद्या अशाच असतात. त्यात अंतर दिसतं, पण ऊन दिसत नाही.

तात्यांना उन्हाचं सांगितलं तर ते म्हणाले, "आमच्याकडं काय ऊन कमी असतंय व्हय? माणदेशाच्या शेजारची माणसं आम्ही." खरं आहे. पण आपल्या पठारावर सूर्य मावळला की वारं सुटतं आणि अंगणात झोप लागते. दिल्लीत मेमध्ये दुपारी पारा चाळिशीच्या पुढे जातो, पश्चिमेकडून लू, म्हणजे भाजून काढणारा वारा, वाहते, आणि दिवसभर तापलेल्या सिमेंटच्या भिंती रात्रीही गरमच राहतात. शरीराला सावरायला रात्र मिळत नाही. त्यात हवा कोरडी, घाम आला की लगेच वाळतो, त्यामुळे अंगातलं पाणी किती गेलं ते माणसाला कळत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवून पाणी आणि मीठ बाहेर टाकतात. अशी गोळी घेणारा म्हातारा माणूस लूमध्ये फिरला तर चक्कर यायला वेळ लागत नाही. म्हणून पहिलं काम हे केलं की निघण्याआधी तात्यांनी विट्यातल्या त्यांच्या डॉक्टरांना गोळ्या दाखवाव्यात आणि उन्हात काय करायचं ते विचारून घ्यावं. डॉक्टरांनी डोस बदलला आणि पाण्याचं वेळापत्रकच लिहून दिलं. सहलीच्या तयारीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणती असं विचाराल तर मी हीच सांगेन. तिकिटंसुद्धा त्यानंतर.

दुसरा नियम दिवसाचा. उघड्यावरचं जे काही बघायचं ते उजाडल्यापासून साडेनऊ-दहापर्यंत, नाहीतर संध्याकाळी पाचनंतर. मधला सगळा वेळ खोलीत, पडदे ओढून, नाहीतर छताखालच्या थंड जागेत. म्हणजे दिवसाला दोनच ठिकाणं, कधी एकच. दादाची यादी या हिशोबात बसणं शक्य नव्हतं. मग मी फोनवर सगळ्यांना एकेक करून विचारलं : तुला एकच जागा बघायला मिळणार असेल, तर कुठली? दोन चालणार नाहीत.

तात्या क्षणभरही थांबले नाहीत. पानिपत. काकूंना मथुरा हवी होती. पुतणीला विज्ञानाच्या पुस्तकातला न गंजणारा लोखंडी खांब बघायचा होता. पुतण्या म्हणाला, शिवाजी महाराज पेटाऱ्यातून निसटले ती जागा. दादाला राष्ट्रीय युद्धस्मारक बघायचं होतं, कारण त्याच्या वर्गमित्राचा थोरला भाऊ सीमेवर गेला आणि त्याचं नाव तिथल्या भिंतीवर आहे. वहिनींनी बराच वेळ काही सांगितलं नाही, सगळ्यांचं होऊ द्या म्हणाल्या. आग्रह केल्यावर म्हणाल्या, बाबासाहेब शेवटी जिथे राहिले ते अलीपूर रोडचं घर. मी इतकी वर्षं दिल्लीत आहे, पाहुण्यांकडून हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

या सहा जागा पक्क्या, बाकी सगळं वाटेत सापडलं तर. लोटस टेम्पल, अक्षरधाम, हरिद्वार आपोआप गळाले आणि कुणी हळहळलंही नाही, कारण ते कुणाचंच मनापासूनचं नव्हतं. घरातल्या सगळ्यांची मिळून एक लांब यादी केली की ती कुणाचीच राहत नाही. माणसागणिक एक ठिकाण धरलं की ज्याचं ते ठिकाण, तो त्या दिवशी घरच्यांना गोष्ट सांगतो आणि बाकीचे ऐकतात.

आता क्रम. बहुतेक लोक दिल्लीला उतरतात आणि तिथून आग्र्याची दिवसाची फेरी मारतात. गतिमान एक्सप्रेस निजामुद्दीनहून सकाळी आठनंतर सुटते आणि पावणेदोन तासांच्या आत आग्र्याला पोचवते. गाडी उत्तम आहे, पण ताजच्या दारात पोचेपर्यंत साडेदहा वाजतात, आणि मेमध्ये साडेदहा म्हणजे संगमरवर तापलेला. थंडीत हा बेत चांगला, उन्हाळ्यात अजिबात नको. महाराष्ट्रातून उत्तरेकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या आग्र्यावरूनच पुढे दिल्लीला जातात. मग आधी आग्र्याला का उतरू नये? पुण्याहून संध्याकाळी निघणारी झेलम दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आग्रा छावणीला पोचते. रात्री तिथेच मुक्काम, पहाटे ताज. परतताना निजामुद्दीनहून गोवा एक्सप्रेस, ती थेट सांगलीला सोडते. जाताना गोवा एक्सप्रेस नको, कारण ती आग्र्याला भल्या पहाटे अंधारात येते आणि तेव्हा म्हाताऱ्या माणसांना सामानासकट फलाटावर उतरवणं बरं नाही.

डबा वातानुकूलितच घ्यायचा. झेलम दुसऱ्या दिवशी भर दुपारी भोपाळ-झाशी-ग्वाल्हेर हा टापू ओलांडते. तेव्हा स्लीपरच्या खिडकीतून येतो तो वारा नसतो, झळ असते. हल्ली रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, आणि मेच्या गाड्या पहिल्याच दिवशी भरतात. दादाने मार्चमध्येच सकाळी आठला बसून दोन्हीकडची तिकिटं काढली.

वार सांभाळावे लागतात. ताजमहाल शुक्रवारी बंद, लाल किल्ला सोमवारी बंद. कुतुब आणि हुमायूनची कबर सगळे दिवस उघडी. म्हणून आग्रा गुरुवारी, लाल किल्ला शनिवारी आणि कुतुब सोमवारी. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, तेव्हा मुलांचं वय दाखवणारं कार्ड जवळ ठेवायचं.

ताजबद्दल फार लिहीत नाही, त्यावर सगळेच लिहितात. सूर्य उगवायच्या अर्धा तास आधी दरवाजे उघडतात, आणि त्या वेळी काकू चौथऱ्याच्या पायऱ्या चढून वर जाऊन अर्धा तास नुसत्या बसून राहिल्या. खाण्याचा कुठलाही पदार्थ आत नेऊ देत नाहीत, बाहेर ठेवून जावा लागतो. बाहेर आल्यावर मात्र जपायचं. ज्यांना आग्र्यात लपके म्हणतात ते दलाल रिक्षावाल्याशी संगनमत करून संगमरवराच्या दुकानात नेऊन बसवतात. आता ताज आणि किल्ला यांच्यामध्ये मेट्रो सुरू झाली आहे, २०२४ मध्ये. तीच धरली तर हा त्रास वाचतो.

आग्र्याचा किल्ला हा पुतण्याचा. दुपारभर खोलीत झोप काढून चारनंतर सगळे निघाले. अमरसिंह दरवाजासमोर घोड्यावर बसलेल्या महाराजांचा पुतळा आहे, तिथे तात्यांनी चप्पल काढून नमस्कार केला आणि त्यांच्यामागे सगळ्यांनी. आत गेल्यावर पोराचा पहिला प्रश्न : महाराजांना कुठल्या खोलीत कोंडलं होतं?

हा समज आपल्याकडे घराघरात आहे, आणि तो दुरुस्त करायला किल्ल्यासारखी दुसरी जागा नाही. महाराज किल्ल्यात कैदेत नव्हते. १२ मे १६६६ रोजी ते दरबारात आले. तो औरंगजेबाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा दरबार होता. शहाजहान याच किल्ल्यात आठ वर्षं कैदेत राहून त्याच वर्षीच्या जानेवारीत वारला होता, आणि बाप जिवंत असेपर्यंत आग्र्याला यायचं टाळणारा औरंगजेब आता इथे मोठा दरबार भरवत होता. दरबारात महाराजांना पाचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभं केलं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. नंतर त्यांचा मुक्काम शहराबाहेर, मिर्झाराजे जयसिंहांचा मुलगा रामसिंह याच्या छावणीजवळ होता, आणि तिथे फौलादखानाचा पहारा बसला. तिथूनच १७ ऑगस्टला ते निसटले. हे सगळं जयपूर दरबारच्या माणसांनी त्या काळी लिहिलेल्या राजस्थानी पत्रांतून कळतं. त्यांतली परकालदासाची पत्रं तर जवळून पाहणाऱ्या माणसाची आहेत.

पोराचा चेहरा पडला. पेटाऱ्याची खोली नाहीच म्हटल्यावर काय बघायचं? मग तात्यांनी त्याला विचारलं, "तुझं वय किती?" नऊ. तात्या म्हणाले, "शंभूराजं पण नऊचंच हुतं. जन्म १४ मेचा. दरबार बाराला. म्हंजे इथं आलं आणि दोन दिसानं नऊ वर्साचं झालं." पोरगं एकदम गप्प झालं. मग त्याचे प्रश्न सुरू झाले, आणि ते इतिहासाच्या पुस्तकातले नव्हते. त्यांना एवढ्या उन्हात कसं आणलं? वाटेत आई होती का बरोबर? दरबारात ओरडाआरडा झाला तेव्हा त्यांना भीती वाटली का? वडील एकटेच पुढे निघून गेले असते तर? मार्चच्या सुरुवातीला राजगडाहून निघून मेमध्ये आग्रा, म्हणजे सगळा उन्हाळा घोड्यावर आणि पालखीत. आपल्या गाडीला एक दिवस लागला. तिन्हीसांजेला मुसम्मन बुरुजाजवळून यमुनेच्या वळणापलीकडचा ताज दिसत होता, पण पोराचं लक्ष तिकडे नव्हतं. त्याला दिवाण-ए-आमच्या खांबांच्या रांगांतून पुन्हा एकदा चालायचं होतं.

सहलीतला हा सर्वांत जिवंत तास होता असं मला वाटतं. मुलांना इतिहास सांगताना आपण पराक्रम सांगतो आणि वय सांगायचं विसरतो. वय सांगितलं की मूल त्या जागी स्वतःला उभं करतं.

शुक्रवारी सकाळी लवकर निघून मोटारीने मथुरा. उन्हाळ्यात तिथली देवळं दुपारी बंद होतात, तेव्हा सकाळीच आटपायला हवं. वृंदावनाची गर्दी टाळून द्वारकाधीश आणि विश्राम घाट एवढंच केलं. द्वारकाधीशाचं सध्याचं मंदिर १८१४ मध्ये बांधलं गेलं, ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे खजिनदार गोकुळदास पारीख यांनी. हे ऐकून काकूंना ते देऊळ एकदम आपल्याकडचं वाटायला लागलं. दुपारी सगळे आमच्या घरी, कैरीचं पन्हं आणि पंखा.

लाल किल्ल्याची अडचण ही की तो उघडतो तोवर ऊन चढलेलं असतं. पण तिथे सावली मिळते. लाहोरी दरवाजातून आत गेलं की छत्ता चौक, म्हणजे छप्पर असलेला बाजार, आणि पुढे इंग्रजांनी १८५७ नंतर महाल पाडून बांधलेल्या बराकींमध्ये आता संग्रहालयं आहेत. सुभाषबाबूंचं आणि आझाद हिंद सेनेचं संग्रहालय तिथेच आहे. १९४५ मध्ये सेनेच्या अधिकाऱ्यांवरचा खटला याच किल्ल्यात सुरू झाला. करोल बागेतून मंडी हाउसला गाडी बदलून लाल किल्ला स्टेशन, चढउतार सगळी सरकत्या जिन्याने, त्यामुळे तात्यांचे गुडघे शाबूत राहिले.

दिवाण-ए-खासपाशी तात्या उभे राहिले आणि त्यांनी नातवंडांना वर बघायला सांगितलं. आता तिथे रंगवलेलं लाकडी छत आहे. पूर्वी चांदीचं होतं. मोराचं सिंहासन नादिरशहाने १७३९ मध्ये नेलं. ते सांगून झाल्यावर तात्या पुढे म्हणाले की चांदी १७६० च्या ऑगस्टात निघाली. सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा.

पुतणीने लगेच विचारलं, "म्हणजे छत आपल्याच लोकांनी काढलं?"

तात्या थोडे थांबले. "व्हय. आपल्याच." मग त्यांनी सांगितलं ते असं : एवढी मोठी फौज, तिच्याबरोबर बायकामुलं, बाजारबुणगे, तीर्थयात्रेला निघालेले हजारो लोक. दक्षिणेतून पैसा येईना, दिल्लीच्या खजिन्यात काही उरलेलं नाही, शिपायांचे पगार थकलेले. चांदी उतरवून तिची नाणी पाडली आणि तीही काही दिवसांतच संपली. तात्यांनी यात काही झाकलं नाही आणि भाऊंवर रागही काढला नाही. गलाईवाल्यांच्या घरातला माणूस, चांदी वितळवणं म्हणजे काय हे त्यांनी हाताने केलेलं. एखाद्या कारागिराने घडवलेली नक्षी मुशीत घालताना काय वाटतं ते त्यांनी पोरांना सांगितलं, आणि ते मला कुठल्याही पुस्तकात वाचायला मिळालं नसतं.

अशा प्रश्नाच्या वेळी मोठी माणसं विषय बदलतात. बदलू नये. याच दिवाणखान्याशी आपला दुसराही संबंध आहे. १७७२ मध्ये शाह आलम बादशहा परत दिल्लीत आला तो महादजी शिंद्यांच्या पाठबळावर. १७८८ मध्ये गुलाम कादिराने याच किल्ल्यात त्या बादशहाचे डोळे काढले, तेव्हा महादजींच्या फौजेने दिल्ली सोडवली आणि कादिराला पकडलं. पुढे सप्टेंबर १८०३ मध्ये यमुनेपलीकडे पटपडगंजला लॉर्ड लेकने दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दिल्ली इंग्रजांच्या हातात गेली. मुलांसमोर हे तिन्ही प्रसंग एकामागे एक ठेवले की त्यांना मराठे म्हणजे नुसते जिंकणारे किंवा नुसते हरणारे वाटत नाहीत. आपल्या घरातल्या माणसांसारखे वाटतात, कधी चुकणारे, कधी धावून जाणारे.

त्या संध्याकाळी कर्तव्य पथ आणि युद्धस्मारक. दादाला नाव सापडायला वेळ लागला, त्यागचक्राच्या भिंतींवर ग्रॅनाइटच्या विटांवर पंचवीस हजारांहून अधिक नावं आहेत. नाव सापडलं तेव्हा त्याने बोट फिरवून फोटो काढला आणि तिथूनच मित्राला पाठवला. एवढ्यात पश्चिमेकडे आभाळ पिवळं झालं. मेमध्ये दिल्लीत संध्याकाळी अशी आँधी येते, पाचदहा मिनिटांत धुळीने समोरचं दिसेनासं होतं आणि झाडांच्या फांद्या तुटून पडतात. झाडाखाली थांबणं सर्वांत धोक्याचं. सगळ्यांना घेऊन आम्ही तोंडाला ओढण्या-रुमाल बांधून पक्क्या इमारतीच्या आडोशाला गेलो आणि वारं ओसरल्यावर मेट्रो धरली. पावसाचे चार थेंब पडले आणि त्या रात्री मात्र हवा थंड झाली.

रविवारी पानिपत. दिल्लीपासून नव्वदेक किलोमीटर, साडेचारला मोटार काढली की उन्हाच्या आत पोचता येतं. लॉजवाल्याने तात्यांना सांगितलं होतं की तिथे बघण्यासारखं काही नाही. अशा सल्ल्यावर विसंबून लोक पानिपतला जात नाहीत. काला आम इथे गावाबाहेर बाग आहे, कुंपणाआड एक साधा स्मृतिस्तंभ आहे, लढाईची शिल्पं आहेत. महाल नाही, बुरूज नाही, तिकिटाची रांग नाही. रणभूमी अशीच असते, नुसती जमीन.

तात्या स्तंभाजवळच्या बाकावर बसले आणि त्यांनी आम्हाला उत्तर-दक्षिण दाखवली. अब्दाली ऑक्टोबरात बागपतजवळ यमुना उतरून अलीकडे आला आणि मराठ्यांचा दिल्लीशी, म्हणजे दाणागोट्याशी, संबंध तुटला. तिथून १४ जानेवारीपर्यंत अडीच महिने हे लोक इथे अडकून पडले. उत्तरेची थंडी, अंगावर पुरेसं कापड नाही, जनावरं मरताहेत, लाकूड नाही. शेवटी उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणत संक्रांतीच्या दिवसांत फौज बाहेर पडली. पराभवाची बातमी देणारं, दोन मोती गळाल्याचं ते पत्र तात्यांना तोंडपाठ आहे. त्यांनी ते म्हटलं आणि काकूंनी पदर डोळ्यांना लावला. मग काकूंनी जे विचारलं त्याने मी हललो : "जत्रंला म्हणून आलेल्या बायकांचं काय झालं?" भाऊंबरोबर निघालेल्यांमध्ये काशी, मथुरा, कुरुक्षेत्र घडेल म्हणून आलेल्या कितीतरी साध्या कुटुंबांचा समावेश होता. मोठ्या फौजेच्या आश्रयाने तीर्थयात्रा करायची ही त्या काळची पद्धत होती. लढाईनंतर त्यांतले पुष्कळ मारले गेले, पुष्कळ बायकामुलं गुलाम म्हणून नेली गेली. काकू दोन दिवसांपूर्वी मथुरेच्या घाटावर यमुनेचं पाणी डोक्याला लावून आल्या होत्या. त्याच नदीकाठच्या त्याच वाटेवर त्या बायका होत्या.

शाळेत पानिपत शिकवताना चुका कुणाच्या यावर धडा संपतो. काकूंचा प्रश्न त्या धड्यात असायला हवा.

साडेनऊला तिथून निघून मुरथलच्या ढाब्यावर लोण्याचे पराठे, बारापर्यंत घरी. त्या संध्याकाळी काहीही ठेवलं नव्हतं आणि ते फार बरं झालं. तात्या खाटेवर पडून नातवाला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगत होते.

सोमवारी सकाळी कुतुब. मनोऱ्यात चढता येत नाही, १९८१ मध्ये आत चेंगराचेंगरी होऊन शाळकरी मुलं गेली तेव्हापासून जिना बंद आहे. पुतणीचा लोखंडी खांब सात मीटरच्या वर, वजन सहा टनांपेक्षा जास्त, चंद्र नावाच्या राजाचा संस्कृत लेख त्यावर, आणि वय सुमारे सोळाशे वर्षं. लोखंडात फॉस्फरस जास्त असल्याने त्यावर एक पातळ थर धरतो आणि तो पुढचा गंज रोखतो. हे तिने घरून वाचून आणलं होतं आणि आम्हाला समजावून सांगितलं. संध्याकाळी हुमायूनच्या कबरीच्या बागेत फेरफटका. १८५७ च्या सप्टेंबरात शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर इथेच इंग्रजांच्या हाती लागला, एवढा एक दुवा शनिवारच्या लाल किल्ल्याशी जोडून दिला आणि बाकी मुलांना हिरवळीवर मोकळं सोडलं.

वहिनींची जागा मंगळवारी उन्हाच्या वेळेसाठी राखली होती, कारण ती सबंध छताखाली आहे. सिव्हिल लाइन्समधलं २६, अलीपूर रोड. मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यावर बाबासाहेब इथे राहिले आणि ६ डिसेंबर १९५६ ला त्यांचं इथेच निधन झालं. २०१८ पासून तिथे उघडलेल्या पुस्तकाच्या आकाराचं स्मारक आहे, संविधानाच्या पुस्तकाचं. आम्ही गेलो तेव्हा गर्दी अजिबात नव्हती. वहिनी एकेका फलकापाशी थांबून वहीत उतरवून घेत होत्या, जूनमध्ये सातवीच्या वर्गाला दाखवायला. महाराष्ट्रातून येणारे हजारो लोक दिल्लीत कुतुब बघतात आणि या घराकडे वळत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मेट्रोचं स्टेशन जवळ आहे, दोन तास पुरतात, आणि उन्हाळ्याच्या दुपारी दिल्लीत यापेक्षा चांगली जागा मी सुचवू शकत नाही.

ज्यांच्या हातात दिवस कमी असतील त्यांनी दिल्लीतल्या जागा कमी कराव्यात, आग्र्यातला मुक्काम कमी करू नये. पहाट तिथेच मिळायला हवी. सोबत म्हातारं माणूस असेल तर पाण्याच्या बाटलीइतकंच मीठ-साखरेच्या पुड्यांनाही महत्त्व द्यावं. रस्त्यावरची शिकंजी मुलं मागतात, पण बर्फ कुठल्या पाण्याचा ते कळत नाही, म्हणून लिंबं घरून न्यावीत.

बुधवारी दुपारी निजामुद्दीनला गाडीत बसवताना तात्या म्हणाले की आता एकदा संक्रांतीला यायचं, चौदा तारखेला काला आमवर मराठी माणसं जमतात तेव्हा. त्यासाठी आखणी अगदी वेगळी लागेल. जानेवारीत धुक्याने उत्तरेच्या गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात, पहाटे मोटार काढणं धोक्याचं असतं, आणि तेव्हा दिवसाचे उपयोगी तास दुपारचे असतात. तेराच्या रात्रीचा मुक्काम पानिपतमध्येच करावा लागेल. दिल्लीला निदान दोन दिवस आधी पोचायला हवं. म्हणजे आरक्षण नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उघडेल, दादाला तसं सांगून ठेवलं आहे.